बंद कॅमेऱ्याचा डबा

१

मोहरखेडे पोलीस ठाण्यात चोरी झाली, आणि ती ठाण्यातच झाली. फिर्याद कोणी द्यायची हे ठरेना. फिर्याद घेणारे तेच, देणारे तेच आणि संशयितही तेच.

चोरीला गेला होता एक काळा डबा. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं सगळं चित्रण ज्यात साठतं तो. कागदोपत्री त्याला डीव्हीआर म्हणत असले तरी ठाण्यात त्याला सगळे डबाच म्हणत. तो जागेवर होता तोवर त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. गेल्यापासून त्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

झालं होतं असं. केळीचा भरलेला एक ट्रक एका मोटारसायकलला घासला, म्हणून तो ठाण्याच्या आवारात उभा करून ठेवला होता. ललित चौधरी नावाचा तरुण शेतकरी तो सोडवायला आला. ताडपत्रीखाली माल तापत होता, दिल्लीची मालगाडी चुकत होती, आणि ललितचा आवाज चढला. मग ठाण्यात कोणीतरी मागून त्याच्या कानशिलात लगावली. कानाचा पडदा फाटला. ललित सरळ प्राधिकरणाकडे गेला.

प्राधिकरण म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी, पोलिसांच्या बाहेरची, नाशिकला बसणारी मंडळी. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. त्यांनी ठाण्याकडे त्या दिवसाचं चित्रण मागवलं, आणि डबा गायब झाला.

जळगाव जिल्ह्याच्या पोलिसांनी स्वतःचीच चौकशी केली तर लोक हसतील, म्हणून वरिष्ठांनी धुळ्याहून पोलीस निरीक्षक अभिमन गिरासे यांना पाठवलं. लोकांचं हसू थांबायला एवढं अंतर पुरेल, असा अंदाज असावा.

गिरासेंची तपासात ख्याती होती. त्यामागचं रहस्य त्यांचा चेहरा होता. तो कायम गोंधळलेला असे. समोरच्याला तो बघवत नसे, आणि बिचाऱ्याला समजावून सांगता सांगता माणूस भलतंच काही सांगून बसे. गिरासे मुद्दाम तसा चेहरा करतात, असं लोक म्हणत. ते खरं नव्हतं. त्यांना खरंच कळत नसे.

ठाण्याचे प्रभारी, निरीक्षक नवीन देवरे यांनी त्यांना वायरलेसच्या खोलीत नेलं. भिंतीतल्या फडताळावर धुळीचा जाड थर होता आणि त्यात दोन स्वच्छ चौकोन होते. एक मोठा, एक लहान.

"चोरी एकाच वस्तूची ना?" गिरासेंनी विचारलं.

"एकाच."

मोठ्या चौकोनाशेजारी वायरी होत्या. त्या नीट गुंडाळून त्यांना रबरबँड लावलेला होता. लहान चौकोनाशेजारी एकच वायर लोंबत होती, आणि तिच्या टोकाची प्लास्टिकची खुंटी ओढून तुटलेली होती.

देवरेंनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "गिरासे, तुमच्यापासून काय लपवायचं. डबा कोणी नेला ते सगळ्या ठाण्याला माहीत आहे. उपनिरीक्षक पंडित सोनवणे. पोरगा मारला त्यानं, डबा नेला त्यानं. आणि खरं सांगू? बरं केलं."

२

"बरं केलं म्हणजे?" गिरासेंनी चेहरा केला. म्हणजे तो होताच.

"अहो, ज्यांनी आयुष्यात एक रात्र बंदोबस्त केला नाही, ते आमचं माप काढणार? स्वयंपाकघरात पाय न ठेवलेल्या माणसानं भरताला मीठ कमी म्हणायचं, तसलं हे प्राधिकरण. माझा माणूस मी त्यांच्या तोंडी देणार नाही. अख्खं ठाणं पंडितच्या मागे उभं आहे."

गिरासेंचं स्वतःचं मत फार वेगळं नव्हतं. वरिष्ठ म्हणजे सासू, असं ते घरी म्हणत. सासू परवडते, तिच्या खोडी माहीत असतात. प्राधिकरण म्हणजे चुलतसासू. एरवी कुठे दिसत नाही, आणि आली की थेट डब्यांची झाकणं उघडून बघते.

"एक विनंती," देवरे म्हणाले. "डबा सापडला तर आधी माझ्याकडे द्या. मग अधीक्षक कार्यालय, मग पुढे. योग्य मार्गाने."

योग्य मार्ग म्हणजे शिपायाचा कागद हवालदारामार्फत, हवालदाराचा प्रभारींमार्फत आणि प्रभारींचा वर. साध्या रजेचा अर्जही असाच जातो. त्याला मध्येच पाय फुटले तर तो शिस्तभंग.

पंडित सोनवणे मागच्या व्हरांड्यात एकटा बसला होता. धिप्पाड, तिशी ओलांडलेला, मिशीला कात्री न लागलेला. हात मांडीवर असे ठेवलेले, की जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत आणि आपण फक्त सांभाळतोय. त्याच्या या हातांची कीर्ती दोन तालुक्यांत होती.

"सोमवारी सुनावणी आहे," गिरासे म्हणाले. "चित्रण हजर झालं नाही तर ते तुमच्या विरुद्ध धरतील. निलंबन तर नक्की. पुढे नोकरीही जाईल. माहीत आहे ना?"

"माहीत आहे साहेब."

"मग डबा कुठे आहे?"

पंडितने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती, रागही नव्हता. बसस्टँडवर बराच वेळ उभं राहिल्यावर आलेली गाडी आपल्या गावची नाही हे कळावं, तशी ती नजर होती.

"मी सोमवारी बोलेन," तो म्हणाला.

"मला सांगितलंत तर मदत होईल."

"तुम्ही अहवाल कोणामार्फत पाठवणार साहेब?"

हा माणूस प्रश्न टाळतोय की उत्तर देतोय, हेच गिरासेंना कळेना.

ते परत निघाले तेव्हा पाण्याच्या टाकीआडून कोणीतरी त्यांची बाही धरली. सुपडू हवालदार होता. मूळचा शिरपूरकडचा, निवृत्तीला टेकलेला. डोळ्यांत पाणी.

"साहेब, पंडितले काही करू नका," तो कुजबुजला. "डबा मी नेयेल शे."

३

गिरासेही शिरपूरच्याच बाजूचे, सुपडूची अहिराणी त्यांना घरचीच होती. त्यांनी सुपडूला टाकीच्या कट्ट्यावर बसवलं.

"तुम्ही नेलात? कुठे आहे डबा?"

"तापीमा. पुलवरतीन टाकी दिधा."

"का, पण?"

सुपडूला हा प्रश्नच विचित्र वाटला. "का म्हणजे? पोऱ्याले मारेल व्हई त्यानी. हात सैल शे त्याना, बठ्ठास्ले माहीत शे. पण आपला माणूस शे ना. ते लोके खाकीना वैरी. त्येस्ना हातमा कसं देऊ?"

"त्यानं मारताना तुम्ही बघितलं?"

"नहीं. आम्ही बठ्ठा यात्राना बंदोबस्तले व्हतूत. ठाण्यामा पंडित अन् मोठा साहेब, दोनच."

"म्हणजे तुम्ही सगळे यात्रेत, आणि मोठ्या साहेबांनी बघितलं."

"त्येस्नीच तं सांगं आमले, पंडितकडथून चूक व्हयनी म्हणीसन."

गिरासे कपाळ चोळत बसले. एक सरळ चोर मिळाला होता. कबुली होती, ठिकाण होतं, हेतूही होता. अशा वेळी माणसानं खूश व्हावं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर तो रबरबँड येत होता. पुलावरून फेकायच्या डब्याच्या वायरी इतक्या मायेनं कोण गुंडाळतं?

"कसा होता डबा?"

"काया. बारीक." सुपडूने तळहात दाखवला. "हिरवा दिवा लुकलुक करे. अन् वर दोन शिंगडा."

"शिंगं?"

"हां. उभा."

"फडताळावर दुसरा काही डबा नव्हता? मोठा?"

"नहीं साहेब. एकच व्हता. एक रहता तं चुकतू कसा?"

गिरासे उठले आणि संगणकाच्या खोलीत गेले. तिथे मयुरी नावाची पोलीस शिपाई बंद पडद्यासमोर हाताची घडी घालून बसली होती. तिने बीएस्सी केलं होतं, आणि ते ती कोणाला सांगत नसे, कारण सांगितलं की ठाण्यातले सगळे मोबाईल दुरुस्तीला तिच्याकडे येत.

"इंटरनेट कधीपासून बंद आहे?"

"डबा गेला त्याच संध्याकाळपासून सर. नोंदी करायला मी चौकातल्या सायबर कॅफेत जाते. साहेब म्हणतात कंपनीची लाईन खराब आहे. कंपनीचा माणूस म्हणतो लाईन चांगली आहे, तुमचा राउटर कुठे आहे ते सांगा."

"राउटरला शिंगं असतात?"

"अँटेना असतात सर. दोन."

म्हणजे सुपडू हवालदाराने मित्राच्या प्रेमापोटी ठाण्याचं इंटरनेट तापीला अर्पण केलं होतं. लहान चौकोनाचा उलगडा झाला.

पण सुपडू तिथे पोचला तेव्हा मोठा चौकोन आधीच रिकामा होता.

४

"मयुरीताई, प्राधिकरणाबद्दल तुमचं काय मत?" गिरासेंनी सहज विचारलं. पुढचं काय विचारावं हे सुचत नव्हतं म्हणून.

ती जरा घुटमळली. "आमच्या महिला कक्षाच्या संडासला कडी नव्हती सर. मी अर्ज केला, योग्य मार्गाने. वर्ष गेलं. सुनावणीची नोटीस आली, त्यांचं कोणी पाहणीला येईल अशी बातमी फुटली, आणि त्याच आठवड्यात कडी लागली. पितळी. आता ते चांगले का वाईट ते मला माहीत नाही. कडी चांगली आहे."

"आणि डबा गेलाय हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?"

"माझ्याच. नोटीस आली त्या दुपारी साहेबांनी मला पत्र टाईप करायला सांगितलं. त्या दिवशी कॅमेरा तांत्रिक बिघाडामुळे बंद होता, असं. मशीनचा नंबर टाकायला मी फडताळाशी गेले, तर मशीनच नाही. साहेबांना सांगितलं. ते पांढरे पडले सर. पत्र राहू दे म्हणाले. तेव्हापासून झोप नाही त्यांना. सगळ्यांची कपाटं उघडून बघितली. पंडित सरांचं घर, त्यांची धुळ्याची सासुरवाडी, सगळीकडे माणसं पाठवली."

गिरासे खुर्चीत टेकले. बाहेर आवारात कोणीतरी जीप धूत होतं. त्यांच्या डोक्यातला गुंता जरा हलला आणि पुन्हा आवळला.

डबा नेला तो चित्रण लपवायला, असं प्रत्येक जण धरून चालला होता. गिरासेही. पण चित्रण लपवायला डबा न्यावा कशाला? चोरी केली की चौकशी लागते, धुळ्याहून माणूस येतो. आपल्याकडे याची जुनी, सोपी, बिनबोभाट रीत आहे. कॅमेरा बंद होता. एक पत्र, खाली सही. नको त्या दिवशी कॅमेरे बंद असतात, हे साऱ्या खात्याला ठाऊक आहे. देवरे तेच करायला निघाले होते. ज्याला चित्रण नको होतं, त्याला डबा चोरायची काडीची गरज नव्हती.

चोरायची गरज होती ती ज्याला चित्रण हवं होतं, त्याला. पत्र टाईप व्हायच्या आत. वायरी नीट गुंडाळून, कारण डबा पुन्हा लावायचा होता.

आणि दुसरी गोष्ट. 'बरं केलं' म्हणणारा माणूस तीच वस्तू शोधत लोकांच्या सासुरवाड्या का पालथ्या घालतो?

दारात सावली पडली. देवरे होते. हसत होते, पण डोळे मयुरीवर.

"काय म्हणतेय आमची पोरगी? गिरासे, काही सुगावा?"

"काहीच कळत नाहीये हो," गिरासे म्हणाले, आणि देवरेंचा त्यावर चटकन विश्वास बसला. "सगळी घरं बघून झाली म्हणता?"

"सगळी. पंडितच्या ओळखीचं एक दार सोडलं नाही."

"आणि त्या ललितचं?"

"छे. तिकडे वर्दीची सावलीही पडता कामा नये, असं मी सगळ्यांना बजावलंय. नाहीतर धमकावलं म्हणून आणखी एक तक्रार."

गिरासेंनी मान हलवली. मग टोपी उचलली आणि जरा केळीचा मळा बघून येतो म्हणाले.

५

ललितचं घर सावद्याच्या रस्त्याला, केळीच्या बागेला लागून होतं. दाराशी त्याची आई शेवंताबाई ज्वारी पाखडत होती. गिरासेंची वर्दी बघून तिने सूप खाली ठेवलं, पण उठली नाही.

"या भाऊ. बसा. ललितच्या डाव्या अंगाले बसा, उजवा कान गेला त्याचा."

गिरासे डाव्या बाजूला बसले. ललितने फक्त आईकडे पाहिलं.

"तुमच्यावर बी कोनी साहेब असतो का हो?" शेवंताबाईने विचारलं. "ते नाशिकले बसतात ते?"

"आमच्यावर पुष्कळ आहेत अक्का."

"मंग बरं आहे. मले वाटलं आमच्यावरच असतात."

गिरासेंनी चहा घेतला आणि त्यांना जमतं तेच केलं. गोंधळलेले राहिले. "अक्का, मला एक समजेना. ज्यानं तुमच्या पोराचा कान फोडला, त्याची नोकरी जाणार म्हणतात. तुम्हाला बरं वाटत असेल."

"पंडितभाऊची?" शेवंताबाई एकदम म्हणाली. "त्याची कायले जाईल? त्यानं तं पानी दिलं, दवाखान्यात नेलं."

ललितने डोळे मिटून घेतले. "आई."

"सरकारी माणूस आहे, विचारून राह्यला, मंग सांगू नको का?"

आतल्या खोलीचा पडदा सरकला. पंडित सोनवणे बाहेर आला. साध्या कपड्यांत होता. गिरासे मळ्याकडे निघाल्याचं कळताच तो आडवाटेने त्यांच्या आधी पोचला होता.

"राहू द्या ललितभाऊ," तो म्हणाला. "या साहेबांना कळलंय."

"अजून पूर्ण नाही," गिरासेंनी प्रामाणिकपणे सांगितलं.

ललितने ज्वारीच्या कोठीचं झाकण काढलं, दंडापर्यंत हात घातला आणि गोणपाटात गुंडाळलेला काळा डबा वर काढला. पोलीस जिथे पाऊल टाकायला घाबरतील असं जिल्ह्यात एकच घर होतं, आणि आरोपीने पुरावा तिथेच, फिर्यादीच्या ज्वारीत ठेवला होता.

त्यांनी डबा टीव्हीला जोडला. चित्राला आवाज नव्हता. ठाण्याची खोली, टेबल, पाठमोरा ललित हात जोडून काही सांगतोय. समोर वर्दीत पंडित, लिहितोय. मग मागच्या दारातून साध्या कपड्यांत नवीन देवरे आले, आणि त्यांनी चालता चालता, दाराची कडी लावावी इतक्या सहज, ललितच्या कानशिलात मारली. ललित कोसळला. देवरेंनी दुसऱ्यांदा हात उचलला. तो वरच राहिला. टेबलावरून झेपावलेल्या पंडितने त्यांचं मनगट धरलं होतं.

शेवंताबाईने पदर तोंडाशी नेला. तिने हे पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"मले तो माणूस कोन ते माहीत नव्हतं," ललित म्हणाला. "तक्रारीत लिहिलं, साध्या कपड्यातला एक साहेब. ठाण्याकडून उत्तर गेलं की, ते प्रकरण पंडित सोनवणे यांच्याकडे होतं."

"ते खरंच होतं माझ्याकडे," पंडित म्हणाला. "उत्तरात एक शब्द खोटा नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" गिरासेंचा आवाज जरा चढला. "अख्खं ठाणं तुमच्या मागे उभं होतं."

"उभं होतं ना साहेब. मी मारलं असं धरून उभं होतं. सुपडूआबा रडले माझ्यासाठी, बाकीच्यांनी खांद्यावर हात ठेवले. काळजी करू नको, होतं असं, म्हणाले. पण मारलंस का, हे एकानंही विचारलं नाही. तुम्हीही नाही. तुम्ही विचारलंत, डबा कुठे आहे."

गिरासेंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझा हात सैल होता, नाही म्हणत नाही. म्हणून तर कोणाला शंका आली नाही. आणि लेखी द्यायचं तर कोणामार्फत? प्रभारींमार्फत. प्रभारींनीच मारलं हा अर्ज प्रभारींनी वर पाठवायचा. नाशिकच्या नोटिशीत मात्र लिहिलं होतं, सोमवारी येऊन आपलं म्हणणं मांडा. आपलं म्हणणं." त्याने तो शब्द पुन्हा एकदा तोलला. "तेवढं एक टेबल मला सापडलं, साहेब. चांगलं की वाईट माहीत नाही. पण त्याच्या आधी देवरे साहेबांचं टेबल लागत नाही."

गिरासेंचा फोन वाजला. देवरे होते.

"गिरासे, कुठे आहात? मला कळलं तुमची गाडी सावदा रोडला दिसली. तिथे काही मिळालं असेल तर आहे तिथेच थांबा. मी येतोय."

६

गिरासेंनी आपला आदेश खिशातून काढून वाचला. 'शोध घेऊन अहवाल योग्य मार्गाने सादर करावा.' पुन्हा वाचला. अहवाल सादर करायचा होता. डब्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्यांनी शेजारचे दोन शेतकरी पंच म्हणून बोलावले, पंचनामा केला, डबा कापडात बांधून लाख लावून सील केला आणि गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्याने आवळला. देवरेंची जीप बागेच्या वळणावर समोर आली तेव्हा गिरासेंनी काच खाली केली.

"सापडला?" देवरेंनी विचारलं.

"सापडला. अहवाल तुमच्यामार्फतच पाठवतो."

"आणि डबा?"

"तो माझ्याबरोबर आहे." गिरासेंनी काच वर केली. धुळ्याला पोचेपर्यंत त्यांना आपण नेमकं काय केलं ते कळत नव्हतं. नोकरीत त्यांनी वरचं एकही टेबल कधी ओलांडलं नव्हतं.

सोमवारी नाशिकला सुनावणीची खोली अगदीच साधी निघाली. पंखा किरकिरत होता. अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, सर्दी झालेल्या. चुलतसासूसारख्या अजिबात दिसत नव्हत्या. पंडित ताठ उभा राहिला.

"बसा," त्या म्हणाल्या. "काय झालं ते सांगा."

पंडित बसला, आणि त्याला बराच वेळ काही बोलता येईना. बाई थांबल्या. नाक पुसून पुन्हा थांबल्या. मग त्याने सांगितलं. मग चित्रण लावलं. ते संपल्यावर देवरेंना काही विचारावं लागलं नाही.

पंडितवरचा आरोप काढला. देवरेंवर गुन्हा नोंदवून खात्याने कारवाई करावी, अशी शिफारस झाली. ललितच्या भरपाईचं बघायचं ठरलं. आणि शेवटी, सरकारी मालकीचं यंत्र विनापरवाना खासगी घरी ठेवल्याबद्दल उपनिरीक्षक सोनवणे यांचा खुलासा मागवावा, हेही बाईंनी लिहून घेतलं. गिरासेंनी मनात म्हटलं, नाही, आहे, थोडीशी चुलतसासू आहे.

बाहेर मोहरखेडेची जीप सुरू होऊन उभी होती. पुढच्या सीटवर देवरे सरळ समोर बघत बसले होते. मागे ठाण्यातले चौघे. सुपडू हवालदार दाराला हात लावून घुटमळत होता. पंडित दिसताच तो दोन पावलं पुढे आला.

"पंडित, तू मारेल नव्हता तं आमले सांगाले काय झायतं?"

"तुम्ही विचारलं नाही आबा."

"इचाराले काय लागस?" सुपडूच्या चेहऱ्यावर खराखुरा पेच होता. "तू मारेल रहता तरी आम्ही तुना संगे व्हतूत. पण तू तं आपला साहेबले बाहेरना लोकेसपुढे उभं करं."

सुपडूने थोडी वाट पाहिली, कोणी आपल्याला हे समजावून सांगेल म्हणून. मग तो जीपमध्ये चढला, मागच्यांनी सरकून त्याला जागा केली, आणि जीप गेली.

गिरासेंनी पंडितला आपल्या गाडीत घेतलं. चांदवड मागे पडल्यावर पंडितने विचारलं,

"साहेब, उद्या ड्युटीवर जाऊ ना?"

"जायलाच पाहिजे. तुमच्यावर आता काही नाही."

"जाईन." पंडितने काचेबाहेर पाहिलं. "दुपारी जेवायला कोणाबरोबर बसू?"

गिरासेंना वाटलं, हे मघाशी बाईंना विचारायला हवं होतं. मग वाटलं, हे त्यांच्या अधिकारात बसत नसणार. अधीक्षकांच्याही नसणार. कोणाच्या बसतं ते आठवायचा त्यांनी प्रयत्न करून पाहिला.

मालेगावच्या अलीकडे एक धाबा लागला. त्यांनी गाडी आत घेतली आणि पोऱ्याला दोन शेवभाजी सांगितल्या.

"आज माझ्याबरोबर बसा," ते म्हणाले. "उद्याचं मला माहीत नाही."